रूळ किती खरे करायचे? मॉडेल रेल्वेतल्या बारकाव्यांचा आणि मेहनतीचा हिशोब

मॉडेल रेल्वे करणारी माणसं इंजिनावर जीव टाकतात. डब्यावरचा नंबर भिंगातून तपासतात, शिडीची पायरी वाकडी असेल तर रात्र रात्र अस्वस्थ होतात. रूळ मात्र पाकिटातून काढले, फळीवर ठोकले की झालं, अशी बहुतेकांची सुरुवात असते. माझीही तशीच झाली. मग एकदा कॅमेरा रुळांच्या उंचीवर ठेवून फोटो काढला. फोटोत इंजिन खरं वाटत होतं आणि त्याखालचा रूळ खेळण्यातला.

त्यानंतर मी दुसरं टोक गाठलं. 30 सेंटिमीटरचा एक तुकडा हाताने बांधायला घेतला. स्लीपर, म्हणजे रुळांखालचे आडवे ठोकळे, लाकडाचे, प्रत्येक स्लीपरवर रुळाखाली पट्टी, पट्टीवर दोन्ही बाजूंनी खिळे. आठ संध्याकाळी गेल्या. तो तुकडा हातात घेतला की आजही आनंद होतो. पण लेआउटवर, म्हणजे रेल्वेच्या सगळ्या मांडणीत, जोडून दीड मीटर मागे सरलो, तर शेजारचा नीट रंगवलेला तयार रूळ कुठे संपतो आणि माझा तुकडा कुठे सुरू होतो, हे मला शोधावं लागलं.

या दोन टोकांमध्ये थांबायचं कुठे? माझ्या मते यात दोन वेगळे प्रश्न एकमेकांत गुंतलेले असतात. चाकाला काय कळतं, हा एक. डोळ्याला काय दिसतं, हा दुसरा. ते सुटे केले की कुठे घाम गाळायचा आणि कुठे हात आखडता घ्यायचा, हे बऱ्यापैकी स्पष्ट होतं.

आधी मापांकडे पाहू. सर्वांत जास्त वापरलं जाणारं प्रमाण म्हणजे एचओ, 1:87. खऱ्या स्टँडर्ड गेजमध्ये दोन रुळांमधलं अंतर 1435 मिमी असतं. त्याला 87 ने भागलं की 16.5 मिमी येतं आणि एचओचा रूळ तेवढाच असतो. इथपर्यंत सगळं चोख. ब्रिटनमध्ये रूढ असलेल्या ओओमध्ये मात्र गाड्या 1:76 च्या आणि रूळ तेच 16.5 मिमीचे. खऱ्या मापात ते अंतर साधारण 1257 मिमी भरतं, म्हणजे गाडी जवळजवळ 18 सेंटिमीटर अरुंद रुळावर उभी असते. ज्यांना हे खटकलं त्यांनी 18.2 मिमीचं ईएम आणि 18.83 मिमीचं पी4 अशी वेगळी गेज काढली. बाकीचे त्याच अरुंद रुळावर पिढ्यान् पिढ्या आनंदाने गाड्या चालवत आहेत. तडजोड ही या छंदात मुळातच आहे. ती आपण कुठे करतो याचं भान असलं म्हणजे झालं.

आता रुळाची उंची. दुकानात रुळावर कोड 100, कोड 83, कोड 70 असं लिहिलेलं असतं आणि नवा माणूस गोंधळतो. हा कोड म्हणजे रुळाची उंची, इंचाच्या हजाराव्या भागात. कोड 100 म्हणजे 0.100 इंच, 2.54 मिमी. एचओमध्ये 87 पट केली तर ही उंची 221 मिमी होते. खरा जड रूळ, उदाहरणार्थ मीटरला 60 किलो वजनाचा, 172 मिमी उंच असतो. म्हणजे कोड 100 चा रूळ खऱ्या मेन लाइनच्या रुळापेक्षाही बराच उंच. कोड 83 चे 183 मिमी होतात, हे मेन लाइनला शोभतं. कोड 70 चे 155 मिमी, म्हणजे मध्यम वजनाचा रूळ. कोड 55 चे 122 मिमी, जुन्या, हलक्या, मालधक्क्याकडे जाणाऱ्या फाट्यासारखा.

उंचीतला हा फरक अर्ध्या मिलिमीटरहून कमी आहे, तरी तो जाणवतो. एका रुळाची उंची एकटी पाहिली तर कोणाला कळत नाही. पण मेन लाइन कोड 83 ची, तिच्या बाजूची लूप कोड 70 ची आणि पलीकडचा फाटा कोड 55 चा असेल, तर पाहणाऱ्याला कारण न सांगता कळतं की कुठल्या रुळावरून एक्स्प्रेस धावते आणि कुठे आठवड्यातून एकदा मालगाडीची वाघीण ढकलतात. खऱ्या रेल्वेतही मेन लाइनवरून काढलेले जुने, हलके रूळ बाजूच्या मार्गांवर वापरायची पद्धत आहे. इथे बारकावा विकत मिळतो. जास्तीची मेहनत एवढीच, की दोन उंचींच्या रुळांचा जोड नीट करावा लागतो. माथे एका पातळीत आले पाहिजेत, तळ नव्हे.

पण रुळाची उंची कमी करण्याआधी गाडीची चाकं तपासा. चाकाच्या आतल्या बाजूला जी कड असते, फ्लँज, ती गाडीला रुळावर धरून ठेवते. अमेरिकेतल्या नॅशनल मॉडेल रेलरोड असोसिएशनने, जी 1935 मध्ये स्थापन झाली, चाकाचा आकार ठरवून दिला आहे. त्याला आरपी-25 म्हणतात. त्यातली फ्लँज साधारण 0.64 मिमी खोल असते. 87 ने गुणा, 55 मिमी येतात. खऱ्या चाकाची फ्लँज याच्या निम्म्याने असते. म्हणजे आपली चाकं खोटी आहेत आणि ती मुद्दाम खोटी ठेवलेली आहेत, कारण घरातला रूळ खऱ्याइतका सपाट आणि वळणं खऱ्याइतकी मोठी नसतात. काही जुन्या गाड्यांची फ्लँज याहूनही खोल असते. अशी चाकं कोड 55 च्या रुळावर नेली की फ्लँज खिळ्यांच्या डोक्यांवरून टकटक करत जाते. पूर्ण मापात बसणारे खिळे मारले तर ही अडचण कमी होते, पण ते मारायला हात फार स्थिर लागतो.

चाकाला खिळ्यांची संख्या कळत नाही, स्लीपरचा रंगही कळत नाही. त्याला अंतर कळतं, पातळी कळते आणि दिशेतला झटका कळतो. या तीन गोष्टींत मी तडजोड करत नाही आणि कोणी करू नये असं मला मनापासून वाटतं.

अंतराचं म्हणाल तर 16.5 मिमीपेक्षा थोडं जास्त चालतं, तीव्र वळणावर तर ते हवंच. कमी मुळीच नको, कारण तिथे चाक रुळावर चढतं. मापायला रूलर पुरत नाही. गेजची पत्र्याची चकती मिळते, तिच्या दातांमध्ये रूळ आणि चाक दोन्ही तपासता येतात. या छंदात पहिलं हत्यार घ्यायचं तर हेच घ्यावं.

दिशेतला झटका सगळ्यात जास्त वळणावरच्या जोडात लपतो. लवचीक रूळ, ज्याला फ्लेक्स ट्रॅक म्हणतात, तो वाकवला की सरळ व्हायला बघतो. दोन तुकडे वळणावरच जोडले, तर दोघांची टोकं सरळ राहतात आणि जोडापाशी बारीक कोपरा तयार होतो. डोळ्यांना तो वरून दिसत नाही. गाल टेबलाला टेकवून रुळाच्या रेषेत पाहिलं तर लगेच दिसतो. यावर उपाय सोपा आहे. दोन्ही तुकडे आधी टेबलावर सरळ ठेवायचे, जोडावर सोल्डरचा डाग द्यायचा आणि मग एकच लांब तुकडा असल्यासारखा वाकवायचा. मग बोटाचं टोक रुळाच्या आतल्या कडेवरून फिरवायचं. जोड बोटाला लागला तर चाकालाही लागणार. बारीक कानस घेऊन दोन-तीन हात मारले की लागायचा थांबतो. या कामाला पाच मिनिटं लागतात आणि ते कोणालाही दिसत नाही, पण एवढ्यामुळे वर्षभर गाडी घसरत नाही.

वळणात शिरताना सरळ रेषेवरून एकदम गोलाईत न जाता हळूहळू वळत जाणारा पट्टा ठेवावा. खऱ्या रेल्वेतही असतो. फ्लेक्स ट्रॅकमध्ये तो फुकट मिळतो, फक्त आखणी करताना थोडी जागा सोडावी लागते. आणि हा असा दुर्मीळ बारकावा आहे की तो चाकालाही आवडतो आणि डोळ्यालाही.

आता डोळ्याकडे. निरोगी डोळा साधारण एक कलामिनिट, म्हणजे अंशाच्या साठाव्या भागाएवढा कोन, वेगळा ओळखू शकतो. मीटरभरावरून याचा अर्थ 0.29 मिमी. दीड मीटरवरून 0.44 मिमी. रुळाच्या खिळ्याचं डोकं खऱ्यात चारेक सेंटिमीटर असतं, एचओमध्ये ते 0.4 मिमीच्या आसपास येतं. म्हणजे दीड मीटरवरून ते दिसण्याच्या सीमेवर आहे आणि त्याचा रंग स्लीपरसारखाच गंजका असेल तर ते सीमेच्याही पलीकडे जातं. माझ्या आठ संध्याकाळी कुठे गेल्या ते इथे कळतं.

रुळाखालची पट्टी मात्र खिळ्याच्या कित्येक पट मोठी. एचओमध्ये ती दोन ते चार मिलिमीटरची भरते. ती दिसते. निदान तिच्यामुळे रुळाच्या बुंध्याशी जो एक जाडसर, गंजका ठसा उमटतो, तो दिसतो. स्लीपरमधली अंतरं दिसतात, खडीचा दाणा मोठा असेल तर तो फार वाईट दिसतो. खरी खडी पाच-सहा सेंटिमीटरची असते, म्हणून एचओमध्ये दाणा अर्ध्या ते पाऊण मिलिमीटरचा हवा. पाकिटावर प्रमाण लिहिलेलं असतं त्यावर विसंबू नका, दाणा रुळाशेजारी ठेवून बघा. माणसाच्या मूठभर दगडाऐवजी डोक्याएवढे धोंडे रुळाशी पडल्यासारखे दिसले, तर बाकीची सगळी कारागिरी वाया गेली म्हणून समजा.

वेळेचाही हिशोब मांडून बघू. फ्लेक्स ट्रॅकचा एक तुकडा साधारण 914 मिमीचा येतो. खऱ्या मापात ते जवळजवळ 80 मीटर होतात. अमेरिकन मेन लाइनसारखे स्लीपर अर्ध्या मीटरच्या आसपास ठेवले तर या तुकड्यात 160 स्लीपर बसतात. प्रत्येकावर चार खिळे म्हणजे 640. एका खिळ्याला 20 सेकंद धरा, तेही हात बसल्यावर. साडेतीन तास लागतात. लेआउटवर असे 16 तुकडे असतील तर नुसत्या खिळ्यांना 57 तास. त्याऐवजी दर पाचव्या स्लीपरवर खिळे मारले, तर रूळ पक्का धरला जातो आणि काम साडेअकरा तासांत होतं. हाताने रूळ बसवणारे बहुतेक जण दर चौथ्या-पाचव्या स्लीपरवरच खिळे मारतात. मधल्या जागा डोळा स्वतःच भरून काढतो.

म्हणून मी म्हणेन, उरलेले 45 तास रंगावर घाला. रंगाइतका परतावा दुसऱ्या कुठल्याच कामात मिळत नाही.

तयार रुळाचे स्लीपर प्लास्टिकचे, एकसारखे काळे किंवा तपकिरी आणि किंचित चकचकीत असतात. रूळ चांदीसारखा चमकतो. त्या धातूला निकेल सिल्व्हर म्हणतात खरं, पण त्यात चांदी नसते. तांबं, निकेल आणि जस्त असतं. ही चमक हीच खेळण्याची सगळ्यात मोठी खूण आहे. खऱ्या रुळाचा फक्त माथा चमकतो, जिथून चाकं जातात. कुशी मातकट तपकिरी असतात. नारिंगी नव्हे. भडक नारिंगी गंज रोज गाड्या जाणाऱ्या रुळावर कमीच दिसतो, तो बंद पडलेल्या फाट्यावर शोभतो, जिथे माथाही गंजलेला असतो. मेन लाइनवर ब्रेकची धूळ बसते, तिचा रंग राखाडीकडे झुकणारा तपकिरी असतो.

मी असं करतो: खडी टाकण्याआधी सगळ्या रुळावर मॅट तपकिरी रंगाचा पातळ फवारा. तो वाळण्याआधी माथा फडक्याने पुसून घ्यायचा. मग तीन-चार छटा पाणीदार करून एक-एक स्लीपर वेगळा काढायचा, पण सगळे नाही. दहातले तीन पुरतात. एखादा राखाडी, उन्हाने वाळलेला. एखादा अजून काळसर, नुकताच बदललेला. शेवटी रुळाच्या बुंध्याशी, जिथे पट्टी असायला हवी तिथे, गंजक्या रंगाचा छोटासा ठिपका. एका तुकड्याला दीड तास लागतो. मीटरभर मागे उभं राहून हा रूळ आणि खऱ्या पट्ट्या लावलेला रूळ शेजारी ठेवून बघा. पट्ट्या असलेला थोडा अधिक भारदस्त वाटेल, पण दोघांमधला फरक आठवडाभराच्या कामाएवढा खासच वाटणार नाही.

जोडांचं एक छोटं गुपित सांगतो. वेल्ड केलेले लांब रूळ येण्याआधी अमेरिकेत रुळाचा तुकडा 39 फुटांचा असे. एचओमध्ये तो साडेतेरा सेंटिमीटर होतो. तेवढ्या अंतरावर रुळाच्या माथ्यावर पातळ करवतीने अगदी हलकी खाच पाडली, तर गाडी जाताना टकटक, टकटक असा ताल येतो. एक मीटर रुळाला दहा मिनिटांचंही काम नाही. कानाला मिळणारा बारकावा स्वस्त असतो आणि तरी फार कमी लोक तो करतात. फक्त खाच आतल्या कडेला, फ्लँजच्या बाजूला येऊ देऊ नका. अर्थात आधुनिक काळ दाखवत असाल तर हे करायचं कारण नाही.

सांधा, म्हणजे गाडी एका रुळावरून दुसऱ्यावर जिथे वळते तो पॉइंट, हा या सगळ्यातला खरा परीक्षक. इथे चाक आणि डोळा दोघंही एकाच जागी येतात. सांध्याच्या मध्यात जिथे दोन रूळ एकमेकांना छेदतात, त्या क्रॉसिंगच्या टोकापाशी फ्लँजला जायला फट लागते. खऱ्या रुळात ती साडेचार सेंटिमीटरच्या आसपास, आपल्याकडे एक ते सव्वा मिलिमीटर. म्हणजे प्रमाणात पाहिलं तर दुप्पट. ही फट उगीच अरुंद केली तर चाक अडकतं, जास्त रुंद केली तर चाक तिच्यात बसून आपटतं. म्हणून सांधा खऱ्यासारखा दिसावा म्हणून फट कमी करण्याचा मोह टाळा, जोवर तुमच्या सगळ्या गाड्यांची चाकं त्याच मापाची नाहीत.

तरीही हाताने एक तरी सांधा बांधून बघा असं मी प्रत्येकाला सांगतो. तांब्याचा थर असलेल्या पातळ पट्ट्यांचे पाच-सहा स्लीपर मोक्याच्या जागी ठेवायचे, त्यांच्यावर रूळ सोल्डरने पक्के करायचे आणि मधले स्लीपर लाकडाचे चिकटवायचे. सगळ्यात नाजूक काम क्रॉसिंगच्या टोकाचं. दोन रूळ कानशीवर तिरके घासून, एकमेकांना चिकटवून, सुईसारखं टोक करायचं. घासताना मधूनमधून टोक प्रकाशाकडे धरायचं, फटीतून उजेड दिसतो का पाहायचा. उजेड दिसायचा बंद झाला की दोन्ही जोडून डाग द्यायचा. मग एक हलकी वाघीण बोटाने ढकलायची, दोन्ही दिशांनी, अगदी सावकाश. टक असा आवाज आला की तिथेच थांबून गेजची चकती लावायची. पहिल्या सांध्याला मला चार संध्याकाळी लागल्या, पाचव्याला एक.

यातून मिळतं काय? तयार सांधे ठरावीक कोनात येतात. सहा नंबरचा म्हणजे सहा भाग पुढे गेल्यावर एक भाग बाजूला सरकणारा. स्टेशनचा घसा, जिथे एकामागून एक सांधे वळणातच बसलेले असतात, तयार तुकड्यांनी केला की कोपऱ्या-कोपऱ्यांचा होतो. हाताने केला तर सगळी रेषा पाण्यासारखी वाहते. ही रेषा तीन मीटरवरूनही दिसते. खिळे दिसत नसतात तेव्हाही ती दिसते. माझ्या हिशोबात हाताने रूळ बांधण्याचं सगळ्यात मोठं कारण हे आहे, खिळे नव्हेत.

हाताने बांधायला वेळ नसेल, तर तयार सांध्यावरही थोड्या कामाने बराच फरक पडतो. सांधा हलवणाऱ्या यंत्रासाठी बाजूला जी प्लास्टिकची पाटी बाहेर आलेली असते ती कापून टाका, क्रॉसिंगचं काळं प्लास्टिक रुळाच्या रंगात रंगवा, हलणाऱ्या पात्यांखाली तेलकट काळपट डाग द्या. अर्धा तास पुरे.

जे दिसणारच नाही तिथे काहीही करू नका. बोगद्यात, डोंगरामागे, गाड्या उभ्या करायच्या आडोशाच्या यार्डात उंच, मजबूत कोड 100 चा तयार रूळ घाला. रंग नको, खडी नको. तिथे फक्त पातळी, जोड आणि वीज हवी. प्रत्येक तुकड्याला स्वतंत्र तार द्या, जोडपट्टीवर विजेची भिस्त ठेवू नका. आणि हात पोहोचेल एवढी वाट ठेवा, कारण गाडी घसरली तर ती नेमकी तिथेच घसरते.

याउलट लेआउटच्या पुढच्या कडेला, जिथे माणूस वाकून पाहतो, तिथे एक 30 ते 40 सेंटिमीटरचा पट्टा निवडा. एखादं फाटक, प्लॅटफॉर्मचं टोक किंवा सांध्याजवळची जागा. तिथे पट्ट्या, खिळे, जोडपट्ट्यांचे बोल्ट, जे मनात असेल ते करा. पाहणाऱ्याने एकदा तिथे नजर रुतवली की पुढचा रूळही तो त्याच विश्वासाने पाहतो. माझा तो आठ संध्याकाळींचा तुकडा मी उचलून अशाच जागी बसवला आहे. फोटो सगळे तिथूनच काढतो. कॅमेऱ्याला डोळ्यासारखी दया नसते, तो 10 सेंटिमीटरवरून बघतो.

आणि ज्यांना खिळे मारण्यातच समाधान आहे, त्यांना हा हिशोब लागू नाही. रूळ बांधणं हाच ज्यांचा छंद, त्यांचे 57 तास खर्च झालेले नसतात, जगलेले असतात. त्यांनी खुशाल प्रत्येक स्लीपरवर चार खिळे मारावेत. फक्त गाडी कधी धावणार, असं घरच्यांनी विचारलं तर तारीख सांगू नये.

कामाचा क्रम मात्र सगळ्यांना सारखाच. आधी रूळ बसवा, तारा जोडा आणि निदान दोन-तीन आठवडे रोज गाडी चालवा. सगळ्यात लांब डबा, सगळ्यात हलकी वाघीण, पुढे आणि मागे. लाकडी चौकट दमट-कोरड्या हवेत थोडी आकसते-फुगते, त्यामुळे जे जोड बिघडणार असतील ते या काळात बिघडतात. दुरुस्त करा. मग रंग. मग खडी पसरून मऊ ब्रशने स्लीपरच्या मधे ढकला, सांध्याच्या पात्यांपासून बोटभर दूर ठेवा. पाण्यात थोडं भांडी घासायचं लिक्विड घालून तुषार मारा, खडी पूर्ण भिजू द्या. नंतर पांढरा गोंद दुप्पट-तिप्पट पाण्यात पातळ करून ड्रॉपरने थेंब थेंब सोडा. ओल्या खडीत तो आपोआप झिरपतो, कोरड्यात गोळे होतात. रात्रभर हात लावू नका. सकाळी रुळांचे माथे फडक्याने पुसा, फ्लँजच्या बाजूला अडकलेले दाणे काडीने काढा आणि पुन्हा एकदा ती हलकी वाघीण बोटाने ढकलून बघा.